शंभर उड्यांचं अंगण

जंगल जिथे संपतं आणि माळ सुरू होतो, त्या कडेला, पण अजून जंगलाच्याच बाजूला, एका मुंगशिणीचं बिऱ्हाड होतं. बिऱ्हाडच म्हणायचं, घर म्हणायला जीभ रेटत नाही. एका जुन्या करंजाच्या मुळांमध्ये अकरा बिळं होती, त्यातलं एक तिचं. वरच्या ढोलीत खारी, खाली उंदीर आणि डाव्या हाताला घूस. ही घूस दिवसभर काही ना काही उकरत असे आणि दर चार दिवसांनी तिचं नाक मुंगशिणीच्या भिंतीतून आत येत असे. "माफ करा हं, वाट चुकले," असं म्हणून ती नाक मागे घेई. भोक मात्र तसंच राही आणि ते मुंगशिणीला बुजवावं लागे.

मुंगशिणीला तीन पिल्लं झाली तेव्हा ही अडचण फारच जाणवू लागली. थोरली दोन धडधाकट होती. धाकटं मात्र किरकोळ अंगाचं, जन्मापासून नाजूक. भावंडं झोपेत लाथा झाडत आणि हे सगळ्यांच्या खाली दबून जाई. सकाळी आधी ते श्वास घेतंय ना, हे बघायचं आणि मग बाकीची कामं, असा तिचा नेम झाला होता. हे पिल्लू जगवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्यासाठी तिला मोकळी, उन्हाची जागा हवी होती.

आता मुलांनो, या बीळ खणणाऱ्या मंडळींची एक रीत सांगतो. नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. बीळ खणलं की माती निघते. ती माती ही मंडळी दारासमोर रचून ठेवतात. ज्याच्या दारात ढीग मोठा, त्याचं घर मोठं, असं आल्यागेल्याला न सांगता कळतं. जंगलात जागाच नव्हती, त्यामुळे सगळ्यांचे ढीग मूठभर. कुणाचा दोन मुठी झाला तर त्याची महिनाभर चर्चा चाले.

एकदा थंडीच्या दिवसांत नाकतोड्यांच्या मागे पळता पळता मुंगशीण माळावर गेली आणि तिथेच थांबली. गुडघाभर गवत, त्यावर कोवळं ऊन, हलका उतार आणि उताराच्या तळाशी एक तळं. एका कोपऱ्यात खडकाळ टेकाड होतं. तिथे एक म्हातारं साळिंदर एकटंच राहत होतं. बाकी माळभर घराचं नाव नाही. ती घरी आली आणि तिने घुशीला सांगितलं. घुशीला सांगितलं म्हणजे जंगलाला सांगितल्यासारखंच होतं. आठ दिवसांत करंजाखालची निम्मी बिऱ्हाडं माळावर जायला निघाली.

सगळे माळावर जमले तेव्हा पुढे आला कोल्हा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. अशा कामाला कोल्ह्याला बोलवावं लागत नाही.

"मंडळी, आपण दाटीला कंटाळून निघालो," तो घसा साफ करून म्हणाला. "तेव्हा इथे दाटी होता कामा नये. नियम एकच. प्रत्येक घराला चारी बाजूंनी शंभर उड्यांचं अंगण. त्यात दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर तिथे असतो तर मीही डोलावली असती. नियम दिसायला चांगलाच होता.

"उड्या कुणाच्या धरायच्या?" सशाने विचारलं.

"ज्याच्या त्याच्या," कोल्हा म्हणाला.

ससा खूश झाला. घुशीला उडी मारता येत नाही, पण तिनेही शंभर उड्या मारल्याचं सांगितलं आणि तेही मान्य झालं. इतका गलका झाला की टेकाडावरच्या साळिंदराची झोप मोडली. साळिंदर दिवसा झोपतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते काटे खुळखुळवत, डोळे चोळत खाली आलं आणि त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मी सांगतो ते बघा पटतंय का," ते म्हणालं. "तुम्ही सगळे टेकाडावर या. तिथे घट्ट मुरूम आहे. बीळ ढासळत नाही, पाणी शिरत नाही. एकमेकांना लागून राहा आणि खालचा माळ आहे तसा राहू द्या. चरायला, हिंडायला, लोळायला तो सगळ्यांचाच आहे."

याला उत्तर दिलं ते कोल्ह्याने नव्हे, आपल्या मुंगशिणीने.

"आजोबा, लागूनच राहायचं होतं तर आम्ही करंजाखालून निघालो कशाला असतो? माझ्या भिंतीला आजवर किती भोकं पडली ते या घूसबाईंना विचारा. एवढी जागा समोर रिकामी पडली आहे आणि आम्ही पुन्हा खेटून राहू?"

सगळे हसले. घूससुद्धा हसली.

"बरं बाई, तुमची मर्जी," साळिंदर म्हणालं आणि झोपायला निघून गेलं. मला त्याचा थोडा रागच येतो. ज्याला समजतं त्याने एकदा सांगून झोपायला जाऊ नये, दुसऱ्यांदा सांगायला थांबावं.

मुंगशिणीने जागा निवडली तळ्याच्या वरच्या अंगाला. तिथे एक खोलगट पट्टा होता. गवत इतरांपेक्षा हिरवं, माती लोण्यासारखी मऊ. एवढी सुपीक जागा कुणी कशी घेतली नाही, याचं तिला नवल वाटलं. तिने तीन खोल्या खणल्या, त्यातली एक फक्त धाकट्यासाठी. निघालेली माती दारासमोर रचली. माळावरचा सगळ्यांत उंच ढीग तिचा झाला. जाता-येता मंडळी थांबून बघत आणि ती उगाच इकडेतिकडे बघत असल्यासारखं करी, पण आतून सुखावून जाई.

ते दिवस खरंच सुखाचे गेले, हे कबूल करायला हवं. धाकटं पिल्लू दिवसभर उन्हात पडून राही. त्याच्या अंगावर मांस चढलं, आवाजाला जोर आला. भिंतीतून कुणाचं नाक येत नव्हतं. एकदा तर त्याने थोरल्याचा कान चावला. मुंगशीण त्याला रागावली, पण तिला मनातून फार आनंद झाला.

पावसाळा आला तेव्हा खोलगट पट्ट्यातून पाणी तिच्या दाराकडे येऊ लागलं. तिने रातोरात ढीग आणखी रुंद केला, पट्ट्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत. पाणी ढिगाला अडलं आणि बाजूने वळून उताराला लागलं. घर कोरडं राहिलं. "बघा, आईने पाणी कसं वळवलं," तिने पिल्लांना दाखवलं. इतरांनीही आपापल्या दारचं पाणी असंच वळवलं. प्रत्येकाने आपल्या घरापुरता विचार केला आणि तेवढ्यापुरता तो बरोबरच होता.

आणखी एक गोष्ट झाली. दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, म्हणून प्रत्येकाला तळ्यावर जायची वाट वेगळी पाडावी लागली. कोल्ह्याची वाट सरळ उताराने खाली, घुशीची वळसा घालून, सशाच्या तर तीन. पायाखाली गवत मेलं, वाटा उघड्या पडल्या. वळवलेलं पाणी या वाटांमध्ये शिरलं, माती घेऊन धावत सुटलं आणि तळ्याच्या बाजूने थेट पलीकडच्या खडकात निघून गेलं. तळ्यात आला तो नुसता गाळ.

थंडीत तळं अर्धं होतं. शिमग्याला पाय बुडेना. चैत्रात तळाला भेगा पडल्या.

जवळचं पाणी म्हणजे जंगलातली नदी. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस. थोरली दोघं कशीबशी चालत. धाकट्याला ते झेपणारं नव्हतं, म्हणून मुंगशीण त्याला मानेला धरून तोंडात उचलून नेई. माळावर खाऊनपिऊन ते जडही झालं होतं. आठव्या दिवशी ती परत आली आणि तिने त्याला खाली ठेवलं, तर त्याने दुपारपर्यंत डोळेच उघडले नाहीत. जीभ कोरडी पडली होती. मुंगशीण फार घाबरली. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तेच आता हातचं जातंय, असं तिला वाटलं.

ती धावत करंजाखाली गेली. म्हटलं, असू दे दाटी, इथून नदी तरी त्यातल्या त्यात जवळ आहे. तिच्या जुन्या बिळातून नऊ उंदरांची तोंडं बाहेर आली. "जागा नाही हो ताई," त्यातलं एक म्हणालं आणि ते खरंच होतं.

मग ती कोल्ह्याकडे गेली. कोल्हा सावलीत पडला होता.

"तळं आटलं हा तळ्याचा दोष," तो म्हणाला. "आपण ठरवलं ते अंगणाचं. अंगण तुला पुरेपूर मिळालंय की नाही?"

"मिळालंय," मुंगशीण म्हणाली.

"मग झालं तर," कोल्हा म्हणाला आणि त्याने कूस बदलली.

दिवस कलताना ती टेकाडावर गेली. पिल्लू तिने बरोबरच घेतलं होतं, त्याला एकटं ठेवायचा तिला धीर होत नव्हता. साळिंदर नुकतंच उठत होतं. तिने पिल्लू खाली ठेवलं आणि ती कडाडली.

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आजोबा. मग एकदाच बोलून गप्प का बसलात?"

"तुम्ही हसलात, मला राग आला आणि मी झोपलो," साळिंदर म्हणालं. "चुकलंच माझं. चल, तळ्यात पाणी कुठून येत होतं ते बघू."

मुंगशिणीने पिल्लू पुन्हा तोंडात धरलं. त्यामुळे वाटभर तिला एक शब्दही बोलता आला नाही. साळिंदर पुढे, ती मागे. कोरड्या तळ्याच्या काठाला पांढऱ्या गोट्यांची एक ओळ लागली. गुळगुळीत, गोल गोटे. पाणी वर्षानुवर्षं वाहिल्याशिवाय गोटे असे होत नाहीत. ती ओळ वर चढत गेली, कधी गवताखाली, कधी उघडी. साळिंदर हुंगत, मधेच माती उकरून बघत चाललं होतं. वर, आणखी वर. एका जागी ते थांबलं. समोर मातीचा मोठा ढीग होता आणि गोटे त्याच्या खाली शिरले होते.

मुंगशिणीने पिल्लू खाली ठेवलं.

"हे माझं घर आहे," ती म्हणाली.

"हो," साळिंदर म्हणालं.

मग साळिंदर हलक्या आवाजात म्हणालं, "एकट्या तुझ्यामुळे तळं आटलं असं मनात आणू नकोस. प्रत्येकाने थोडं थोडं पाणी पळवलंय. पण मोठा ओघ इथूनच यायचा. म्हणून तर इथलं गवत इतकं हिरवं."

"मी पिल्लांना दाखवलं होतं," मुंगशीण म्हणाली. "आईने पाणी कसं वळवलं ते बघा म्हणून." आणि ती रडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या देखत तिने ढीग मोडायला घेतला. माळावरचा सगळ्यांत उंच ढीग. नखं तुटली तरी ती थांबली नाही. घूस बघत उभी होती.

"अहो, एवढा ढीग मोडता? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. माझं पिल्लू तहानलंय."

घूस जरा वेळ उभी राहिली, मग तीही उकरू लागली. उकरण्यात तिचा हात कोण धरणार? तिसऱ्या दिवशी पट्टा मोकळा झाला. मुंगशिणीने तीनही खोल्या बुजवल्या, धाकट्याची सगळ्यांत शेवटी, आणि ती पिल्लांना घेऊन टेकाडावर गेली. मुरूम कठीण, त्यामुळे बीळ एकाच खोलीचं झालं. एक भिंत साळिंदराला लागून. दुसऱ्या भिंतीला लागून आठवड्याच्या आत घूस आली. तिने खरं कारण सांगितलं. शंभर उड्यांच्या अंगणात तिच्याशी बोलायलाच कुणी नव्हतं.

धाकटं पिल्लू जगलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचं पुढे लक्ष लागायचं नाही. टेकाडावर शेजार होता, म्हणून ते जगलं. एक दिवस मुंगशीण त्याला नदीवर नेई, एक दिवस घूस नेई आणि साळिंदर झोप मोडून तिच्या थोरल्यांना सांभाळी, म्हणजे तिचं निम्मं ओझं कमी होई. हे बघून एकेक जण टेकाडावर येऊ लागला. सशाला बीळ लागतच नाही, त्याला गवत पुरतं. त्याने आपलं अंगण सोडून दिलं आणि सोडल्यावर त्याला सगळाच माळ हिंडायला मिळाला. आधी हे त्याला सुचलं कसं नाही, असं तो सगळ्यांना विचारत सुटला. आला नाही तो कोल्हा. तो आपल्या अंगणात एकटाच बसला, सभोवार उघडी माती.

साळिंदर आता झोपायला जात नव्हतं. सारखं सांगत होतं. ढिगांची माती उचलून धुपलेल्या वाटांमध्ये आडवी भरा. तळ्यावर जायला सगळ्यांना मिळून एकच वाट ठेवा आणि ती सरळ उताराने नेऊ नका, आडवी नेत नेत उतरवा, म्हणजे पाणी तिच्यातून पळणार नाही. माती दारात रचायची नाही. या शेवटच्या गोष्टीवर मंडळींनी जरा कुरकुर केली. मान कशावरून कळायचा, असं एका उंदराने विचारलंच. काम मात्र चालू राहिलं.

पावसाळा येऊन गेला. पुढच्या चैत्रात तळ्यात पाणी होतं. काठोकाठ नव्हतं, थोडं गढूळही होतं, पण होतं. कोल्ह्याच्या सरळ वाटेवर मात्र दोन वर्षं गवताचं पातं उगवलं नाही.

एका दुपारी उंदरांचं एक तरुण जोडपं जंगलातून टेकाडाशी आलं. उंदरीण दमली होती. तिचे दिवस भरत आले होते.

"ताई, जंगलात पाय ठेवायला जागा उरली नाही," उंदीर म्हणाला. "इथे आम्हाला मिळेल का?"

"मिळेल की," मुंगशीण म्हणाली. "माझ्या या भिंतीला लागून खणा. मुरूम कठीण आहे, आम्ही मदत करू. घूसबाईंचं नाक मधूनमधून आत येईल, तेवढं मनावर घेऊ नका."

उंदराने तिच्या चिंचोळ्या दाराकडे पाहिलं. मग वळून खाली पाहिलं. गवत वाऱ्यावर हलत होतं, जिथवर नजर जाईल तिथवर.

"राग मानू नका, ताई," तो संकोचून म्हणाला. "पण समोर एवढी जागा रिकामी आहे."

हेच आपण बोललो होतो, ते मुंगशिणीला आठवलं असावं. तिने उंदरिणीला आधी सावलीत बसवलं.

"ती रिकामी नाही," ती मग म्हणाली. "तिथे पाणी राहतं."

तात्पर्य : घर कुठे बांधायचं हे ठरवण्याआधी पाणी कुठून येतं ते पाहावं, मोकळी जागा सगळ्यांनी तुकडे करून घेतली तर ती कुणालाच पुरत नाही, जवळ जवळ राहून मिळून राखली तर सगळ्यांना पुरते.